पोस्ट-पंक कानाने समजून घ्यायचं असेल तर वायरचे पहिले तीन अल्बम असे ऐका

पंक म्हणजे सत्तरच्या दशकातलं वेगवान, रागीट रॉक, पण त्यातून निघालेलं पोस्ट-पंक म्हणजे काय असं विचारलं की लोक आधी पंधरा-वीस बँडची यादी हातात देतात. मग नवा माणूस जॉय डिव्हिजन लावतो, गँग ऑफ फोर लावतो, द स्लिट्स, द फॉल, आणि डोकं धरून बसतो की अरे यांचं एकमेकांशी जुळतंय काय? एक थंडगार, एक फंककडे झुकलेला, एक रेगेच्या चालीवर, एक नुसताच तावातावाने बोलतोय. मीही असाच वर्षभर चाचपडत होतो. शेवटी जे कळलं ते यादीतून नाही कळलं, एकाच बँडचे तीन अल्बम ओळीने ऐकले तेव्हा कळलं, आणि तीच पद्धत इथे नीट सांगतोय.

बँड म्हणजे वायर, लंडनचा, १९७६ मध्ये सुरू झालेला. अल्बम तीन, पिंक फ्लॅग (१९७७), चेअर्स मिसिंग (१९७८) आणि १५४ (१९७९). हाच बँड का? कारण तिन्ही अल्बमवर माणसं तीच चार. कॉलिन न्यूमन गातो आणि गिटार वाजवतो, ब्रूस गिल्बर्ट गिटारवर, ग्रॅहम लुईस बेसवर आणि बरेचसे शब्दही त्याचेच, रॉबर्ट गोटुबेड ड्रम्सवर. प्रोड्युसर तिन्हींना माइक थॉर्न. लेबलही तेच, इएमआयचं हार्वेस्ट, जिथे पिंक फ्लॉइडसुद्धा होते. आणि पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत पुरती दोन वर्षंही गेलेली नाहीत. म्हणजे बाकी सगळं जागच्या जागी आणि संगीत मात्र सरकत गेलंय, त्यामुळे पंक कुठे सुटतं आणि पोस्ट-पंक कुठे हाताला लागतं ते कानाला बरोबर सापडतं. इतका सोयीचा बँड दुसरा मला तरी माहीत नाही.

सुरू करण्याआधी एक समज डोक्यातून काढून टाका. नावात "पोस्ट" आहे म्हणून आपण धरून चालतो की आधी पंक संपलं आणि मग पोस्ट-पंक आलं. पण तारखा बघा. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा एकुलता एक स्टुडिओ अल्बम ऑक्टोबर १९७७ चा, आणि ते फुटले जानेवारी १९७८ मध्ये. पिंक फ्लॅग या दोन्हींच्या मधे आलाय, १९७७ संपता संपता. बझकॉक्स या पंक बँडचा गायक हॉवर्ड डिव्होटो तर त्यांची पहिली ईपी, म्हणजे छोटी रेकॉर्ड, आली आणि लगेच १९७७ च्या सुरुवातीलाच बाहेर पडला आणि पुढे मॅगझिन नावाचा बँड काढला. म्हणजे पंक ऐन भरात होतं तेव्हाच आतली काही माणसं कंटाळून पुढचं काहीतरी शोधायला लागली होती, आणि वायर त्यातलेच. माझं स्पष्ट मत आहे की पोस्ट-पंक हा पंकनंतरचा काळ नाहीच, पंकने इतरांवर जी कात्री चालवली ती पंकवरच चालवायची सवय आहे. हे वाक्य पटलं नाही तर आत्ता राहू द्या, अल्बम ऐकून झाले की परत बघा.

आता तयारी. आधी एक संध्याकाळ साधं सरळ पंक ऐका, म्हणजे तुलनेला काहीतरी कानात राहील. पिस्टल्सचा अल्बम पुरे, बारा गाणी, चाळीस मिनिटांच्या आत. ऐकताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. एक, गिटारची भिंत, स्टीव्ह जोन्सने एकावर एक गिटार चढवून रेकॉर्ड केलीय त्यामुळे कुठे फट म्हणून दिसत नाही. दुसरं म्हणजे बेस, तो बहुतेक गाण्यांवर जोन्सनेच वाजवलाय आणि त्यामुळे तो गिटारच्या मागे मागे चालतो, स्वतःचं काही बोलत नाही. आणि गाण्यांची बांधणी बघा, कडवं, धृपद, कडवं, धृपद, मधे छोटा सोलो. राग नवा आहे पण सांगाडा जुन्या रॉक अँड रोलचाच आहे. हे वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, मला तो अल्बम जाम आवडतो, पण हा सांगाडा कानात बसला नाही तर वायरने काय काढून टाकलं ते कळणारच नाही.

आणि काढून टाकणं हाच वायरचा जन्म आहे. सुरुवातीला ते पाच जण होते. जॉर्ज गिल नावाचा गिटारवाला होता, बरीच गाणी त्याची, सोलोही तोच मारायचा. त्याचा पाय मोडला आणि तो काही दिवस सरावाला नव्हता, तर बाकीच्या चौघांच्या लक्षात आलं की सोलो नसले की गाणी जास्त टोकदार लागतात. गिल बाहेर गेला. १ एप्रिल १९७७ ला चौघे म्हणून ते लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये वाजवायला उभे राहिले आणि त्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग क्लबच्या लाइव्ह अल्बममध्ये आलं, वायरची दोन गाणी आहेत त्यात. सापडला तर जरूर ऐका, एकाच क्लबात बाकीचे बँड जोर लावतायत आणि हे लोक मोजून मापून वाजवतायत, फरक तिथेच ऐकू येतो. शिवाय गिल्बर्ट तेव्हा तिशी ओलांडलेला होता, वॉटफर्डच्या आर्ट कॉलेजमध्ये टेक्निशियन होता, न्यूमन तिथलाच विद्यार्थी. ही पोरं रस्त्यावरून थेट स्टेजवर आलेली नाहीत, चित्र बघणारी, रेषा कमी करत जाणारी माणसं आहेत.

चला, पिंक फ्लॅग लावा. शफल बंद. हे अगदी मनापासून सांगतोय कारण मी पहिल्यांदा शफलवर ऐकला आणि मला तो अर्धवट गाण्यांचा ढिगारा वाटला, बाजूला टाकून दिला. हा अल्बम ओळीनेच ऐकायचा असतो. २१ गाणी, ३५ मिनिटं. पहिल्या वेळी शब्द वाचू नका, हातात घड्याळ ठेवा, खरंच, प्रत्येक गाणं कधी थांबतं ते नुसतं बघत जा.

पहिलं गाणं रॉयटर्स, तीन मिनिटांचं. पंक अल्बम म्हणजे पहिल्याच सेकंदाला धडाम व्हायला पाहिजे, इथे तसं होत नाही. गिटार हळू, जड, एकेक पाऊल टाकत येतो, एखाद्या युद्धाच्या जागेवरून वार्ताहर तार पाठवतोय तशी शब्दांची मांडणी, मदत येत नाहीये, परिस्थिती बिघडत चाललीय, आणि शेवटी सगळं मंदावत जातं. न्यूमन ओरडत नाही तर बातमी देतो. आपण विचारात पडतो ना पडतो तोच दुसरं गाणं येतं, फील्ड डे फॉर द संडेज, आणि ते २८ सेकंदात संपतं. अठ्ठावीस. त्यात कडवं आहे, चाल आहे, वर्तमानपत्रांच्या चव्हाट्यावर येण्याचा सगळा विषय आहे, आणि मग काही नाही, थेट तिसरं गाणं. ही दोन गाणी पाठोपाठ तीन-चार वेळा ऐका. वायर पंकचे आहेत का पोस्ट-पंकचे या वादाचं उत्तर याच साडेतीन मिनिटांत आहे. दुसऱ्या गाण्याचा वेग पंकचा आहे, पण जिथे पंकवाला दोनदा धृपद म्हणून लोकांना नाचवेल तिथे हे लोक शब्द संपले म्हणून गाणं संपवतात. बस. आणि पहिलं गाणं तर पंकचा वेगही सोडून देतं.

पुढे जाताना लोडाउनवर थांबा. संथ गाणं आहे, रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, ओढत ओढत चालतो, तुम्हाला वाटेल हा रॉक बँड आहे. मग अल्बमचं नाव असलेलं गाणं पिंक फ्लॅग, जवळजवळ एकाच कॉर्डवर उभं आहे आणि शेवटाकडे ड्रम्स आणि आरडाओरडा यांचा गोंधळ होत होत फुटतं. आणि दुसऱ्या बाजूला मिस्टर सूट, जे अगदी सरळ पंक आहे, शिव्याबिव्या सगळं, आणि त्याला लागूनच स्ट्रेंज, चार मिनिटांचं, रेंगाळणारं, अंगावर काटा आणणारं. मॅनेक्विन ऐकाल तर ते चक्क गोड पॉप गाणं आहे. मला विचाराल तर या अल्बमची खरी कमाल लहान गाण्यांत नाहीये, लहान आणि लांब यांच्या मांडणीत आहे, म्हणजे प्रत्येक गाणं आधीच्या गाण्याला खोटं पाडतं. काही आवृत्त्यांमध्ये शेवटी जादा गाणी जोडलेली असतात, ती पहिल्या वेळी ऐकू नका, वन टू एक्स यू संपलं की बंद करा, हा अल्बम तिथेच संपायला हवा.

मग एक दिवस सोडा. लगेच दुसरा अल्बम लावू नका, कान थोडे विसरले पाहिजेत.

चेअर्स मिसिंग. नावाचा अर्थ आधी सांगतो कारण तो उपयोगी आहे, एखाद्याच्या डोक्यात थोडं कमी आहे असं म्हणायला तिकडे म्हणतात की याच्या खोलीतल्या काही खुर्च्या गायब आहेत, त्यावरून हे नाव. आणि अल्बम तसाच आहे, खोली सगळी नीट लावलेली आणि कुठेतरी काहीतरी नाहीये. पहिलं गाणं प्रॅक्टिस मेक्स परफेक्ट, एकसारखा ठोकत जाणारा रिफ, गिटार तुकड्या-तुकड्याने वाजतो आणि मधे मोकळी जागा. पिस्टल्सची भिंत आठवा आणि आता ही जागा ऐका. हाच तो बदल. पंकमध्ये शांतता म्हणजे वीज गेली असं समजायचे, इथे शांतता वाद्यासारखी वापरलीय.

या अल्बमवर थॉर्न स्वतः कीबोर्ड आणि सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, वाजवायला लागतो, म्हणजे प्रोड्युसर जवळजवळ पाचवा माणूस होतो. १९७७ च्या पंकवाल्याला सिंथ म्हणजे शत्रूचं वाद्य, लांबलचक केसवाल्या प्रोग्रेसिव्ह बँडचं, ज्यांच्याविरुद्ध सगळं बंड होतं. वायरने ते बिनधास्त घेतलं आणि अनदर द लेटर नावाच्या गाण्यात एका मिनिटाच्या आसपास संपवून टाकलं. वाद्य शत्रूचं, लांबी पंकची. हे गाणं तुम्हाला कुणालाही पोस्ट-पंक समजावताना वापरता येईल इतकं नेमकं आहे.

हार्टबीट हेडफोनवर ऐका. सुरुवातीला गिटार दाबून धरलेला, नुसती धडधड, न्यूमन जवळजवळ कुजबुजतोय, मग आवाज वाढतो, वाढतो, आता फुटणार असं वाटतं आणि फुटतच नाही, परत खाली उतरतो. मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फुटायची वाट बघत पूर्ण गाणं गेलं आणि संपल्यावर लक्षात आलं की आपण श्वास धरून बसलो होतो.

आणि आउटडोअर मायनर. हे जरा जवळून बघू. एक बारकी अळी असते, पानाच्या आत बोगदा करत करत पान खात जाते आणि बाहेरून पानावर वेड्यावाकड्या पांढऱ्या रेषा दिसतात, तिच्यावर हे गाणं आहे. प्रेमावर नाही, राणीवर नाही, बेकारीवर नाही, अळीवर. आणि चाल इतकी गोड की दिवसभर गुणगुणत राहाल. अल्बमवर हे पावणेदोन मिनिटांचं आहे. सिंगल म्हणून काढताना ते लांबवलं गेलं, मधे पियानोचा तुकडा घातला, आणि ते ब्रिटिश चार्टवर ५१ पर्यंत गेलं. दोन्ही रूपं एकापाठोपाठ ऐका. सिंगल छान आहे, पण पियानो आला की ते एक चांगलं पॉप गाणं होतं. अल्बमवरचं रूप मात्र संपल्यावर पोकळी ठेवून जातं, आणि मला तेच जास्त खरं वाटतं. याच अल्बमवर मर्सी हे पावणेसहा मिनिटांचं गाणं आहे, म्हणजे एक वर्षापूर्वी २८ सेकंदांत गाणं उरकणारेच हे लोक. नियम केला आणि नियमाला चिकटले असं यांनी कधीच केलं नाही.

तिसरा अल्बम १५४. तोपर्यंत त्यांचे जितके कार्यक्रम झाले होते तो आकडा म्हणून हे नाव. सरळ सांगतो, हा अवघड आहे, आणि कुणीतरी "सर्वोत्तम" म्हणून हाच आधी ऐकायला सांगेल, ऐकू नका. मी तसंच केलं होतं आणि मग कितीतरी महिने वायरकडे फिरकलो नाही. आधीचे दोन कानात असतील तरच याचा थंडपणा कळतो, नाहीतर तो नुसता कोरडा वाटतो.

इथे पहिलंच गाणं लुईस गातो, खोल आवाजात, आणि बँडचा चेहराच बदलतो. दोन दिशा स्पष्ट ऐकू येतात, एकीकडे न्यूमनची चालींची गाणी, द फिफ्टींथ, मॅप रेफ, आणि दुसरीकडे लुईस-गिल्बर्टची आवाजांची गाणी, अ टचिंग डिस्प्ले सारखी, जे सात मिनिटांच्या जवळ जातं आणि त्यात गिटार आहे का मशीन आहे का व्हायोला आहे हेच कळत नाही. मॅप रेफमध्ये एक गंमत आहे, ते गाणं नकाशे आणि अक्षांश-रेखांशावर आहे, पूर्ण नावात दिलेला अक्षांश-रेखांशाचा बिंदू अमेरिकेत आयोवामध्ये पडतो, आणि धृपद यायच्या आधी न्यूमन चक्क "कोरस" असं म्हणतो आणि मग कोरस येतो. पंकने ज्या सांगाड्याला हात लावला नव्हता त्यावर इथे बोट ठेवून दाखवलंय, आणि दाखवूनही कोरस काय सुंदर लागतो.

हा अल्बम दोन बैठकांत ऐकला तरी चालेल. आणि बँडमधली ओढाताण ऐकू येते ती तुमचा भास नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये लंडनच्या इलेक्ट्रिक बॉलरूममध्ये त्यांनी गाण्यांपेक्षा विचित्र नाट्यप्रयोगासारखा कार्यक्रम केला, जुनी गाणी मागणारे लोक खवळले, आणि त्या वर्षी बँड थांबला.

आता या तीन अल्बमवरून बाकीच्या पोस्ट-पंककडे कसं जायचं. यादी पाठ करू नका, प्रत्येक नव्या बँडला तेच प्रश्न विचारा जे वायरला विचारलेत. पंकमधलं काय काढून टाकलंय? मोकळी झालेली जागा कशाने भरलीय, की तशीच ठेवलीय? बेस कुणाच्या मागे चालतोय की पुढे? उदाहरणार्थ जॉय डिव्हिजनचा अननोन प्लेझर्स, १९७९ चा. पीटर हूकचा बेस वर चढून चाल वाजवतोय, गिटार मागे सरकलाय, आणि प्रोड्युसर मार्टिन हॅनेटने स्टुडिओत ड्रम्स असे रेकॉर्ड केलेत की रिकाम्या इमारतीत वाजल्यासारखे वाटतात. गँग ऑफ फोरच्या पहिल्या अल्बमवर, तोही १९७९ चाच, अँडी गिलचा गिटार ओरखडे काढून गप्प होतो आणि ते गप्प होणं फंकच्या ठेक्यावर बरोबर बसतं. प्रश्न तेच, उत्तरं वेगळी, आणि म्हणूनच हे बँड एकमेकांसारखे लागत नाहीत तरी एकाच नावाखाली येतात.

आणि इथे वायरची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही सगळं पोस्ट-पंक वायरच्याच चष्म्यातून बघाल. या संगीतात एक मोठा प्रवाह जमैकाच्या रेगेचा आणि त्यातून निघालेल्या डबचा, म्हणजे बेस आणि प्रतिध्वनी पुढे आणणाऱ्या प्रकाराचा आहे. जॉन लायडनने पिस्टल्स सोडल्यावर पब्लिक इमेज लिमिटेड काढला, त्यांच्या मेटल बॉक्सवर जा वॉबलचा बेस डबमधूनच आलाय, आणि तो अल्बम खरोखरच पत्र्याच्या गोल डब्यात तीन रेकॉर्ड घालून विकला होता. द स्लिट्सचा कट हा अल्बम डेनिस बोव्हेलने प्रोड्युस केला, तो रेगेतलाच माणूस. वायरमध्ये हे जवळजवळ नाहीच. गोटुबेडचे ड्रम्स सरळ रेषेत चालतात, रोल नाही, वळण नाही, डुलणं नाही. शिवाय गँग ऑफ फोरसारखं उघड राजकारणही वायर फारसं करत नाहीत. त्यामुळे वायर हे पोस्ट-पंकचं प्रवेशद्वार म्हणून उत्तम, पण त्या घरात नाचायची जी खोली आहे ती तुम्हाला स्लिट्सकडूनच दिसेल. बायकांनी या संगीतात काय केलं तेही वायरवरून कळणार नाही, त्यासाठी स्लिट्स, रेनकोट्स, सूझी अँड द बॅनशीज हे वेगळे बसून ऐकायला लागतात.

उलट दिशेनेही एकदा जा. पिंक फ्लॅग हा एकच अल्बम किती वेगवेगळ्या लोकांनी आपला म्हटला बघा. वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेटने वन टू एक्स यू वाजवलं, ते हार्डकोअरचे, म्हणजे अजून वेगवान, कडक पंकचे. आर.ई.एम.ने १९८७ च्या डॉक्युमेंटवर स्ट्रेंज घेतलं आणि रेंगाळणारं गाणं वेगात वाजवलं. इलास्टिकाचं १९९४ चं कनेक्शन लावा आणि लगेच थ्री गर्ल रुम्बा लावा, पहिल्या पाच सेकंदांत हसू येईल, रिफ तोच आहे, ते प्रकरण पुढे कोर्टाबाहेर मिटलं. हार्डकोअरवाले, कॉलेज रॉकवाले आणि ब्रिटपॉपवाले, तिघांचं एकमेकांशी फारसं पटत नाही, पण तिघांनाही या ३५ मिनिटांत आपल्या कामाचं काहीतरी सापडलं. वायर नुसते पंक असते तर हे झालं नसतं असं मला वाटतं.

हे सगळं झाल्यावर पुढचं ऐकायची इच्छा झालीच तर १९८५ नंतरचा वायर घ्या, पण वेगळा बँड समजून. परत आल्यावर त्यांनी जुनी गाणी वाजवायला नकार दिला. १९८७ च्या अमेरिका दौऱ्यात लोकांना पिंक फ्लॅग हवाच होता, तर त्यांनी एक्स-लायन टेमर्स नावाचा दुसरा बँड सोबत घेतला, जो आधी येऊन तो पूर्ण अल्बम वाजवायचा आणि मग वायर येऊन नवीन गाणी वाजवायचे. त्या काळातलं ड्रिल हे गाणं ऐका, एकच ठेका, एकच सूर, ठोकत राहतं. पहिल्या मिनिटाला कंटाळा येईल, बंद करू नका, तिसऱ्या मिनिटानंतर त्या ठेक्याच्या आत बारीक बारीक हालचाली ऐकू यायला लागतात.